दोन तुकड्यांमधली जागा

मला चित्र काढता येत नाही. हे आधीच सांगते, नंतर कुणी बोट दाखवायला नको. मी माणूस काढला तर खुंटीला सदरा टांगल्यासारखा दिसतो, आणि गाय काढली तर लोक विचारतात, हे टेबल कुणाचं? तरीही आमच्या कारखान्याच्या बालवर्गातल्या एकोणीस पोरांना चित्रं करायला मी शिकवलं. ज्याला पटत नसेल त्याने समोर यावं, मी भांडायला तयार आहे.

आमच्या कारखान्यात पॅकिंग बनतं. दोन नळ जोडले की सांध्यातून पाणी गळू नये म्हणून मध्ये जी चकती बसवतात, ती. पंपाला लागते, इंजिनाला लागते, आणि कुणाच्या डोळ्यांना कधी दिसत नाही. सतरा वर्षं मी हातप्रेसवर उभी होते. पुठ्ठ्याची शीट पुढ्यात घ्यायची, तिच्यावर डाय, म्हणजे धार असलेला साचा, ठेवायचा आणि दांडा ओढायचा. दांडा कुणीही ओढेल. डाय कुठे ठेवायचा, कसब तिथे आहे. एकाला एक खेटून ठेवला तर एका शीटमधून चाळीस नग निघतात. हात ढिला असला तर चौतीस. माझे बेचाळीस निघायचे. सुपरवायझर माझी उरलेली शीट उजेडात धरायचा आणि नव्या पोरींना म्हणायचा, "बघा, नुसती मच्छरदाणी उरलीय! याला म्हणतात कापणं." सगळे मला इंचीटेप म्हणायचे.

मग कंबरेने दगा दिला. उभं राहणं बंद, असं डॉक्टरने सांगितल्यावर कंपनीने मला वरच्या मजल्यावरच्या बालवर्गात टाकलं. टाकलं हाच शब्द बरोबर आहे. कामगारांची चार ते सहा वर्षांची पोरं तिथे दिवसभर असतात. वर्ग एक संस्था चालवते. शिकवायच्या त्या बाई, आणि मी मावशी. नाकं पुसायची, डब्यांची झाकणं उघडून द्यायची, चपला जोडीने लावायच्या. सहा महिन्यांनी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. संस्थेच्या मोठ्या बाई एक दिवस येऊन म्हणाल्या, "नवीन व्यवस्था होईपर्यंत मुलांना जरा गप्प ठेवा, मावशी."

गप्प ठेवा! एकोणीस जिवंत पोरं म्हणजे काय गोदामातला माल आहे?

कपाटात छापील कार्डांचा गठ्ठा होता. घर, झाड, सूर्य, होडी. पोरांनी त्यात रंग भरायचा आणि रेषेबाहेर जायचं नाही. मी दोन दिवस ते करून पाहिलं. तिसऱ्या दिवशी पोरांनी खडू खायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी मी खाली गेले आणि प्रेसखाली साठलेले पुठ्ठ्याचे तुकडे टोपली भरून वर आणले. चकतीच्या पोटातून पडलेले गोल, मोटरच्या पॅकिंगमधून निघालेले चौकोन, कोपऱ्यांचे त्रिकोण, काठाच्या पट्ट्या. ओल्या फडक्याने पुसले, कडा घासून घेतल्या आणि सतरंजीवर ओतले. पोरं तुटून पडली.

मला एकच शिकवता येत होतं, तेच शिकवलं. तुकडा हातात घे. डोळे मीट. कडेवरून बोट फिरव. कोपरा टोचला की मोज. आता डोळे उघड आणि शेजाऱ्याला खेटून बसव. त्रिकोण उलटा केला की दुसऱ्या त्रिकोणाशेजारी कसा गपकन बसतो, हे पाहून पोरं किंचाळायची. महिनाभरात चार वर्षांचं पोरगं नुसत्या नजरेने सांगायला लागलं, "मावशी, हा इथे बसणार नाही, याचं पोट मोठंय." माझ्या सतरा वर्षांतल्या निम्म्या पोरींना ही नजर आली नव्हती.

आणि मला तो वर्ग हवाहवासा वाटायला लागला. स्पष्ट बोलते. मला तो वर्ग पाहिजे होता. आयुष्यभर मी दुसऱ्याने बनवलेल्या डायने दुसऱ्याचा माल कापला होता. इथे पहिल्यांदाच समोरच्या जिवाला काहीतरी येत होतं आणि ते माझ्यामुळे येत होतं.

तेवढ्यात बातमी आली की जुन्या बाई परत येणार नाहीत. मोठ्या बाई जिना चढून आल्या, धापा टाकत खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे एक प्रशिक्षित मुलगी आहे. पुढच्या महिन्यापासून तिला वर्ग देऊ."

"आणि मी?"

"तुम्ही आहातच की. मावशी म्हणून."

"मी तीन महिने शिकवतेय."

"शिकवताय?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "शिक्षण किती तुमचं?"

"सातवी नापास. पण तुम्ही आधी पोरांना विचारा, मग मला."

त्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत, हे मला मान्य आहे. "बरं. आकारांपासून चित्र, हा आमच्या अभ्यासक्रमातला विषयच आहे. दाखवा तुमच्या मुलांना काय येतं ते. जमलं असेल तर बघू."

मी पोरांना गोल बसवलं. प्रत्येकाला पाच तुकडे दिले. माझी छाती आधीच फुगलेली होती. मोठ्या बाई म्हणाल्या, "मुलांनो, यातून एक छान चित्र करा."

पोरांनी मान खाली घातली आणि कामाला लागली. खालची प्रेस ठोका मारायची तेव्हा जमीन थरथरायची आणि तुकडे जरासे उडायचे. पोरं ते पुन्हा खेटवायची. पाच मिनिटांत सगळ्यांचं झालं. एकोणीस पोरांसमोर एकोणीस घट्ट ठोकळे. त्रिकोणाला त्रिकोण, चौकोनाला पट्टी, मध्ये नखभरही फट नाही. गोलाचं काय करायचं हे कुणाला कळलं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी तो चौकोनावर टाकून दिला होता. आमच्याकडे एक पाच वर्षांची मुलगी आहे, प्रत्येक गोष्टीत शंका काढते म्हणून तिचं नाव शंकासुर. ती उठून उभी राहिली आणि दोन्ही हात पसरून ओरडली, "बाई, बघा! काही वाया नाही!"

आणि मग सगळी पोरं एका सुरात, "काही वाया नाही!"

मोठ्या बाई वाकल्या. एक ठोकळा पाहिला, दुसरा पाहिला, पाचवा पाहिला. "हे काय आहे?" त्यांनी एकाला विचारलं. हा आमचा खिळा. काडीसारखा बारीक आणि बसला तिथून न हलणारा.

"माल," तो म्हणाला.

मोठ्या बाई सरळ झाल्या. "मावशी, हे चित्र नाही. ही फरशी आहे."

"तुमच्या कार्डांतही चित्र नाही," मी म्हणाले. "एकच घर एकोणीस वेळा. आमच्या डायने तरी वेगळं काय होतं? दांडा ओढा, नग पडला!"

"चिडू नका. चुकीचं बोलतेय का मी?"

मोठ्या बाईंनी वही मिटली. "पुढच्या शनिवारी मी येणार आहे. त्याच दिवशी ठरवून टाकू."

जिना उतरताना त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत मी तिथेच उभी होते. शंकासुर माझा हात ओढत होती. "मावशी, आपण जिंकलो ना?"

"गप्प बस," मी म्हणाले. आणि स्वतःच्याच तोंडातून तो शब्द ऐकून मला जास्तच राग आला.

घरी गेले ती धुमसतच. नवरा दाराजवळ बसून पायाला तेल चोळत होता. तो टेम्पो चालवतो, बोलतो कमी, पण बोलला की टोचून बोलतो.

"काय झालं, इंचीटेप?"

"काही नाही. मोठ्या बाईला अक्कल नाही. म्हणे फरशी. पोरं काय बसवतात, पाहिलंस तर..."

"मी रोजच बघतोय," त्याने पोटरी दाखवली. निळीकाळी झाली होती. "तुझ्या त्या पेटीचा कोपरा. पलंगाला कपाट, कपाटाला पेटी, पेटीला शिवणयंत्र. या घरात माणूस सोडून सगळं बसलंय."

"जागा वाचते त्याने."

"वाचते ना. मग ती वाचलेली जागा कुठंय, तेवढी दाखव. मला पाय ठेवायचाय."

मी त्याला चार शब्द सुनावले. माझं तोंड तसं आहे. पण भांडी घासताना हात थांबला. मी मागे वळून खोलीकडे पाहिलं. खरंच, मच्छरदाणी. मी माझ्याच घराचे बेचाळीस नग काढले होते. आणि तेच मी पोरांच्या बोटांत घातलं होतं. चित्र करायला सांगितलं, तर एकोणीस पोरांनी सतरंजीवर शीट कापून दाखवली. त्यांची चूक नव्हती. माझा धडा त्यांना पक्का आला होता, हीच तर पंचाईत होती. त्या चष्मेवालीचं म्हणणं खरं होतं.

सोमवारी मी पोरांना बसवलं आणि सांगून टाकलं, "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मोठी माणसं असं म्हणत नाहीत, हे चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं.

"म्हणजे खेटवायचं नाही?" शंकासुरने विचारलं.

"माल कापायचा असेल तेव्हा खेटवायचं. चित्रात वाया घालवायचं."

"किती?"

"म्हणजे?"

"किती वाया घालवायचं? थोडं की जास्त?"

मी म्हणाले, "ते आपण शोधू."

पहिला दिवस पाण्यात गेला. पोरांनी पाच तुकडे सतरंजीच्या पाच कोपऱ्यांत फेकले. सतरंजीला चारच कोपरे आहेत म्हणून पाचवा खिडकीबाहेर गेला. दुसऱ्या दिवशी निम्म्या पोरांनी पुन्हा ठोकळे केले आणि माझी नजर चुकवून फटी बुजवल्या. सवय आहे ती, एका दिवसात कशी जाईल? माझी तरी कुठे गेली होती? मीच येताजाता पायाने तुकडे सारखे करत होते.

बुधवारी खिळ्याने काय केलं, ते माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. त्याने पट्टी उभी ठेवली, तिच्या डोक्यावर छोटा चौकोन ठेवला आणि शेजारी गोल ठेवला, नेहमीसारखा चिकटून. मग बराच वेळ बघत बसला. मग एका बोटाने गोल ढकलला. वीतभर.

"काय केलंस रे?"

"टाकला."

"काय टाकला?"

"चेंडू." त्याने गोल परत पट्टीजवळ आणला. "आता हातात आहे." पुन्हा ढकलला. "आता टाकला."

तेच दोन तुकडे. ना काही वाढवलं, ना कमी केलं. फक्त मधली जागा बदलली आणि पोरगं चेंडू खेळायला लागलं.

"सगळे इकडे या!" मी ओरडले. "खिळ्याचा चेंडू बघा!"

मग काय विचारता. शंकासुरने दोन त्रिकोण एकमेकांजवळ ठेवले. "या मैत्रिणी आहेत." दूर नेले. "आता कट्टी." एक त्रिकोण पालथा घातला. "ही रडतेय." एका पोराने मोठा गोल जवळ ठेवला आणि लहान गोल लांब ठेवला. म्हणाला, दोन्ही एकच बस आहेत, आधी लांब होती मग आली. कुणी त्याला हसलं नाही. मी तर मुळीच नाही. दुपारपर्यंत कुणालाच डब्याची आठवण झाली नाही. मी एक नियम केला. तुकडा हलवला की सांगायचं, काय झालं. काही झालं नसेल तर परत हलवायचं. एवढाच माझा अभ्यासक्रम. त्याला ना कार्ड लागतं, ना खडू.

शनिवारी मोठ्या बाई आल्या. स्वतःची आकारपेटी घेऊन आल्या होत्या, प्लास्टिकची, चकचकीत. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आज मी सांगेन ते करायचं हं. घराचं चित्र करा." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "चौकोनावर त्रिकोण एवढं आलं तरी मी वर साहेबांना काहीतरी लिहू शकेन."

त्या मदत करत होत्या. मला ती मदत नको होती. पण मी मूग गिळून गप्प बसले, कारण आता बोलायचं काम पोरांचं होतं.

पोरांनी टोपलीतलेच आपले पाच-पाच तुकडे घेतले. कुणीही ठोकळा केला नाही. मी एकेकाकडे पाहत होते. एकीने चार पट्ट्या जिन्यासारख्या रचल्या आणि अगदी वर एक चौकोन ठेवला. एकाने चौकोनाशेजारी मोठी फट ठेवून अर्धवट भिंत केली. "दार उघडं आहे, बाबा आत्ता येतील." शंकासुरने चौकोन मध्ये ठेवून बाकी सगळे तुकडे त्याच्याभोवती ढीग करून ठेवले. "पाहुणे आलेत. आत मावत नाहीत."

मोठ्या बाई खुर्चीवरून उठल्या होत्या. पेन टोपणासकट कानामागे गेलं होतं.

खिळा जागेवर नव्हता. हीच पहिली नवलाची गोष्ट. त्याने चौकोन दाराच्या उंबऱ्याजवळ ठेवला होता आणि सबंध वर्ग ओलांडून पार खिडकीखाली एक लहानसा त्रिकोण. मध्ये काहीच नाही. उरलेले तीन तुकडे त्याच्या मांडीवर होते.

"हे राहिले की," मोठ्या बाई म्हणाल्या.

"ते लागत नाहीत," खिळा म्हणाला.

सतरा वर्षं माझ्या हाताखाली पाच तुकड्यांतले तीन कुणी बाजूला टाकले असते, तर मी तिची सालटी काढली असती. त्या क्षणी मला वाटलं, या पोराला उचलून कारखानाभर मिरवावं.

"आणि हे काय आहे?"

"ते घर." त्याने दाराकडे बोट केलं. "हा मी." त्रिकोण. "मी इथे आहे ना. घर तिकडे आहे. लांब आहे खूप."

मोठ्या बाई दाराकडे बघत राहिल्या, मग खिडकीकडे. खाली प्रेसचा ठोका पडला आणि त्रिकोण जरासा उडाला. त्या सतरंजीवर मांडी घालून बसल्या. गुडघे कडकडले.

"मलाही द्या पाच तुकडे," त्या म्हणाल्या.

शंकासुरने मोजून दिले. मोठ्या बाईंनी चौकोन ठेवला, त्याच्यावर त्रिकोण ठेवला, वर कोपऱ्यात गोल ठेवला. हात आपोआपच चालला असावा.

"हे कार्डातलं आहे," शंकासुर म्हणाली. "तुमचं घर कुठंय?"

"अगं..." मोठ्या बाई म्हणाल्या आणि थांबल्या. कानापर्यंत लाल झाल्या. मी दात विचकले नाहीत, हे माझं नशीब. त्यांनी त्रिकोण उचलला, जरा वेळ हातात धरला, मग चौकोनापासून दूर ठेवला. मग आणखी दूर. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. नियम मोडला, पण पोरांनी सोडून दिलं आणि मीही.

मग त्यांनी कानामागचं पेन काढलं. "वर्ग तुमच्याकडेच राहील. मी तसं लिहिते. ती मुलगी आली तर महिनाभर तुमच्याजवळ बसेल, बघेल." पण वर पाठवायच्या फॉर्मवर पेन अडलं. "शिक्षण या रकान्यात काय घालू? 'अनुभवी' असं काहीतरी लिहिते."

"सातवी नापास लिहा," मी म्हणाले. "खालच्या ओळीत लिहा, की वर्ग हीच बाई घेणार. दोन्ही वाचू देत त्यांना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तसंच लिहिलं. मी वाकून खात्री करून घेतली. कुणावर आंधळा विश्वास ठेवायची मला सवय नाही.

"यातलं एखादं चित्र ऑफिसात नेता येईल का? साहेबांना दाखवते," त्या उठत म्हणाल्या. "पुठ्ठ्यावर चिकटवून द्या. हे खिळ्याचं."

"नाही देता येणार."

"का?"

"तुकडे न्याल हो. मधलं कसं न्याल? साहेबांना म्हणावं, जिना चढून या."

त्या हसल्या, या वेळी माझ्यासारख्या, तोंड भरून. चपला हातात घेतल्या, पेटी काखेत मारली आणि दाराकडे निघाल्या. सरळ, वर्गाच्या मधून. पहिलं पाऊल पडतंय तोच खिळा ओरडला, "बाई, तिथे पाय नका ठेवू! रस्ता आहे, गाड्या आहेत!"

मोठ्या बाईंचा पाय हवेतच थांबला. त्यांनी त्या रिकाम्या जमिनीकडे पाहिलं. मग पाऊल मागे घेतलं, आणि संस्थेच्या मोठ्या बाई, वय वर्षं अठ्ठावन्न, काखेत पेटी आणि हातात चपला घेऊन, भिंतीला पाठ लावून, एकेक पाऊल सरकत, सगळ्या वर्गाला वळसा घालून दारापर्यंत गेल्या. एकोणीस पोरं त्यांच्याकडे बघत होती, आणि मी माझ्या पोरांकडे.